सुभेदारांची फुटबॉल कवायत

३ नोव्हेंबर, सकाळी ६
आजपासून गावच्या शाळेची बारा वर्षांखालील फुटबॉल टीम माझ्याकडे. मुलांचा डोळा एकीकडे, पाय भलतीकडे. यालाच कोऑर्डिनेशन नसणं म्हणतात. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढलीत, महिन्यात बसवतो. खरं तर हे नात अंकितासाठी. तीही टीममध्ये आहे. पण मैदानावर नातं चालणार नाही, हे तिला सांगून ठेवलं.

५ नोव्हेंबर
मोबाईलवर पाहून पांढऱ्या फक्कीने जमिनीवर शिडी आखली. एकेका चौकोनात पाय टाकत पळायचं. जो तो आपापल्या तालात. मी ‘दाहिना-बायाँ’ लावला. आता सगळे एकाच वेळी पडतात. प्रगती आहे.

६ नोव्हेंबर
स्वतः करून दाखवलं. घोटा सुजला. चौकोन लहान आखले गेले होते.

१२ नोव्हेंबर
हळद लावून खुर्चीवरून शिकवतोय. दमायला होतं. नवा नियम: शिट्टी वाजली की असाल तिथे सावधान. आधी पायांवर ताबा, मग बॉल. गोलकीपर वीरधवलने विचारलं, बॉल कवा देणार. त्याला मैदानाच्या दोन फेऱ्या दिल्या.

१९ नोव्हेंबर
शिट्टीसरशी अकरा पुतळे. डोळे भरून आले. बायको चंद्राबाई म्हणाली, मॅचमध्येही अशीच उभी राहतील. तिला खेळातलं काय कळतं.
अंकिता हल्ली माझ्यासोबत मैदानावर येत नाही, मैत्रिणींबरोबर येते. स्वावलंबन चांगलंच.

२९ नोव्हेंबर, संध्याकाळ
कवठे महांकाळची टीम आली होती. पंचाने सुरुवातीची शिट्टी वाजवली आणि आमची पोरं सावधान. वीरधवलच्या शेजारून बॉल आत गेला, त्याची नजर समोर. मी ‘विश्राम’ ओरडलो, तर सगळ्यांनी हात मागे बांधले. हाफ टाइमला ०-७. पंच शिट्टी फार वाजवतो.
मी घोटा बांधायला बाजूला गेलो, तेवढ्यात अंकिताने पोरांना काहीतरी सांगितलं. नंतर पोरं चक्क पळाली. तिने एक गोलही केला. शिडीचा परिणाम दिसायला वेळ लागतोच.

१ डिसेंबर
सकाळी मैदानावर कुणी नाही. पोरं शाळेच्या मागे खेळत होती. हसत होती. मला पाहून थांबली.
अंकिता एकटी पुढे आली. म्हणाली, “आबा, तुमी नगा येऊ. तुमी आलासा की माझं पायच उचलत न्हाईत.”
बरं म्हणालो. लंगडत घरी आलो. वाईट वाटलं, लय वाटलं.
चंद्राबाईला म्हणालो, पोरीला पहिलं पाऊल टाकायला मीच शिकवलं होतं. ती म्हणाली, “न्हाई वं. तुमी तवा ड्युटीवर हुतासा. ती आपली आपणच चालली.”