गिरणीचा पट्टा आणि बेबी

५ फेब्रु. ५७, मुलुंड
हिशेब: रॉकेलचा रिकामा डबा फुकट, लाटणं घरातलं. वेळ तीन दिवस. बेबी दुडदुडत पिठाच्या गिरणीच्या पट्ट्याकडे निघाली की समोर उभं राहून डबा बडवायचा. दीड वर्षाची पोर, आता तिकडे फिरकत नाही. एक चापट मारली नाही! दिवसभर गिऱ्हाइकांना ऐकवलं. खर्च शून्य लिहिणार होतो. पण संध्याकाळी आत गेलो तर मला बघून किंचाळली, सौ.च्या पदरात घुसली.

६ फेब्रु.
पिठाने पांढरा म्हणून घाबरली असेल. आंघोळ, धुतलेला सदरा. तेच.
सौ. एवढंच म्हणाली, "डब्याऐवजी आडवी फळी ठोकली असती तर?"

९ फेब्रु.
मेहुणा अनंता आला. कॉलेजात मानसशास्त्र शिकतो. रशियातल्या एका प्रोफेसरांच्या कुत्र्यांची गोष्ट त्यानेच सांगितलेली. खाण्याआधी दरवेळी घंटा, पुढे नुसत्या घंटेला लाळ. त्यावरूनच माझं डोकं चाललं. आज शाबासकी मिळेल वाटलं होतं.
"भाऊजी, डबा वाजायचा तेव्हा तिच्यासमोर काय असायचं?"
"पट्टा."
"आणि?"
"मी."
"लांब बसा. तिच्या आवडीचं काही पुढे ठेवा. रोज थोडं जवळ. घाई केलीत तर वाट लागली."

१० फेब्रु.
अंगणात दहा हातांवर बसलो, मध्ये राजगिऱ्याची वडी. आली नाही. वडी मुंग्यांनी नेली.
जात्याच्या आवाजावरून गहू दमट की कोरडा, सांगतो मी. डबा बडवायच्या दुसऱ्या दिवशीच तिचं रडणं बदललं होतं. ऐकलं होतं. तरी पुन्हा बडवला. दोन गिऱ्हाइकं बघत होती, म्हणून.

१५ फेब्रु.
आठ हात. वडी उचलली, माझ्याकडे न बघता पळाली. बरं वाटलं. नंतर वाटलं, कुत्र्यांना तरी त्या प्रोफेसरांनी खायलाच दिलं, घाबरवलं नाही.

१७ फेब्रु., रवि.
गिरणी बंद. फळ्या घेऊन मागच्या दाराने आलो. बेबी आत, थांबलेल्या पट्ट्यावर थापट्या मारत काहीतरी गुणगुणतेय. मला पाहिलं नि किंचाळत घरात.
सौ. म्हणाली, "तुम्ही नसलात की जातेच. मीच उचलून आणते. तुम्ही एवढे खुशीत होतात, सांगणार कसं?"
पट्टा चालू असतानाही? विचारलं नाही.
हातोडी मी धरायची नाही, आणखी ठोकाठोक माझ्या नावावर नको. अनंताला बोलावलं. मी बाहेर रस्त्यावर उभा. प्रत्येक ठोक्याला आत बेबी खिदळत होती. "मामा, अजून!"
फळ्या बसल्या. अर्धा तास लागला.