बंदुकीसाठी लिहून दिलेली भातखाचरं

मी, कमळाबाई भिमाजी लिम्हण, वय चौऱ्याहत्तर, धंदा शेती, पूर्वी अंगणवाडी सेविका, राहणार वरची आळी, पाली, तालुका वेल्हे (आता राजगड, नाव बदलले, रस्ता तोच आहे), जिल्हा पुणे, माझ्या घराच्या ओसरीवर बसून, डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या धाकाने, भुलीने किंवा गोड बोलण्याने नव्हे तर स्वतःच्या खुशीने हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवते. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो मूळचा बंदुकीच्या परवान्यासाठी काढला होता. मृत्युपत्रालाही चालतो असे वकील म्हणाले. ज्या बाईच्या हाती सरकार बंदूक देते तिला स्वतःची भांडी वाटता येतील, असे धरून चालावे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी तसा कागद दाखवल्यास तो खोटा समजावा व दाखवणाऱ्याला चहा देऊ नये.

कलम १. मला दोन मुले. थोरली रत्ना, धाकटा गोरख. रत्नाला किकवीला दिली होती. तिथे तिने काय सोसले ते इथे लिहीत नाही. ज्याने केले तो मेला, आणि मेलेल्याची नालस्ती करायला हा कागद नाही. ती परत आली तेव्हापासून शेत तीच करते. गोरख पुण्यात धायरीला असतो व जमिनींचे व्यवहार करतो. भेटायला येतो तेव्हा गाडी बांधापर्यंत आणतो आणि बांधावरूनच वळवतो.

कलम २. मालक वारले तेव्हा वाटणी झाली. पानशेतच्या रस्त्याची जमीन गोरखच्या वाट्याला गेली. ती त्याने विकली व तिथे आता एका पुणेकराचा बंगला आहे. घर, पालीची भातखाचरं आणि वरची नाचणीची उतरण माझ्या नावावर आली. रत्नाने हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडे पद्धतच आहे, की माहेर तुटू नये म्हणून बहिणीने हक्क सोडायचा आणि भावाने तिला साडी घ्यायची. गोरखने घेतली. तिचा रंग पहिल्या धुण्यात गेला, म्हणून रत्नाने ती बुजगावण्याला नेसवली. डुकरांवर काही परिणाम झाला नाही.

कलम ३. बंदूक. माझ्या सासऱ्यांची ठासणीची एकनळी बंदूक, शेतसंरक्षण परवान्यासह. नळीतून दारू ठासायची, गजाने दाबायची आणि बार काढायचा. या बंदुकीने आजवर एकही डुक्कर मेलेले नाही. मारायला वनखात्याची वेगळी परवानगी लागते आणि डुक्कर तोवर थांबत नाही. आवाज मोठा होतो, कळप ओढ्याच्या पलीकडे जातो, आणि त्या रात्रीचे भात वाचते. एवढ्यासाठी ती आहे.

परवाना मालकांच्या पश्चात माझ्या नावावर झाला. तेव्हा नियम सोपे होते. फौजदारांनी विचारले, "बाई, चालवता येती का?" मी म्हणाले, "मालकांना म्याच शिकवली." त्यांनी सही केली.

पुढे नियम बदलत गेले. बंदुकीला देशभर चालेल असा ओळख क्रमांक आला. तो आमच्या सातबाऱ्यापेक्षा स्वच्छ अक्षरात आहे. एका माणसाला तीन हत्यारे ठेवता येत, ती दोनवर आली. आमच्याकडे एकच असल्याने आम्ही हा बदल शांतपणे सोसला. परवाना तीन वर्षांचा होता तो पाच वर्षांचा झाला. माझ्या वयाच्या बाईवर सरकारने दाखवलेल्या या विश्वासाबद्दल मी आभारी आहे.

विधानसभेची निवडणूक आली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. निवडणूक आणि भात एकाच महिन्यात पिकतात, याची डुकरांना कल्पना असावी. एका साली खंडेनवमीलाही ती ठाण्यातच होती. घरच्या हत्याराची पूजा चुकू नये म्हणून रत्ना एसटीने गेली आणि हळदकुंकू वाहून आली. शेजारी ठेवलेल्या परक्या बंदुकांनाही तिने वाहिले, कारण एकीलाच वाहणे बरे दिसत नाही.

कलम ४. भैरवनाथाच्या यात्रेत पालखी उठताना आमच्या बंदुकीचा बार काढायची जुनी चाल होती. आनंदात बार काढणे हा आता गुन्हा आहे, तुरुंगही होऊ शकतो. पहिल्या वर्षी पालखी उठेना. भोई खांदे देऊन उभे, ढोल थांबलेला, सगळे माझ्याकडे बघतात आणि मी हात पदरात घेऊन उभी. शेवटी चिमाजी गुरव ओरडला, "बार झाला आसं समजा!" पालखी उठली. तेव्हापासून दरवर्षी तो तेच ओरडतो. देवाने हरकत घेतलेली नाही. माझ्या पश्चात हीच चाल ठेवावी, आणि गोरखने हौसेने काही करायला जाऊ नये.

कलम ५. हे खास गोरखसाठी लिहिते, कारण त्याला बंदूक हवी आहे. डुकरांसाठी नाही. त्याच्या धंद्यात काही लोक कमरेला पिस्तूल लावून हॉटेलात जेवायला बसतात, आणि त्यांना आधी वाढतात म्हणे. त्याने स्वसंरक्षणासाठी अर्ज केला, तोही फौजेला मिळते तसल्या प्रतिबंधित पिस्तुलाचा. जिवाला धोका कोणाकडून, असे विचारल्यावर त्याने "व्यवहारांमुळे" असे लिहिले. चौकशी झाली तेव्हा ज्यांच्याशी व्यवहार झाले ते म्हणाले की धोका त्यांनाच झाला. अर्ज नामंजूर झाला. त्यानंतर त्याला गावची बंदूक आठवली, आणि बंदुकीमागोमाग जमीनही आठवली, कारण तिला गिऱ्हाईक तयार होते.

कलम ६. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला हयातीतच आपले हत्यार वारसाच्या नावे करता येते, असा नियम आहे. तसा अर्ज मी रत्नासाठी केला. आता शिकून आल्याचा दाखला लागतो. रत्ना पुण्याला जाऊन शिकून आली. शिकवणाऱ्याने तिला दुसऱ्याच दिवशी घरी जायला सांगितले, कारण शिकवायचे उरले नव्हते. डॉक्टरांचा दाखला झाला. मग चौकशीला एक साहेब आले. भले गृहस्थ होते, ताक प्यायले.

"ताई, शेत कुणाच्या नावावर?"

"आयेच्या."

"मग हितं तुमचं काय हाय?"

रत्नाने साहेबांचा रिकामा ग्लास उचलला. मग म्हणाली, "काम."

त्याला रकाना नाही, असे साहेबांनी सांगितले. शेतसंरक्षणाचा परवाना मागायचा तर शेत आपले दाखवावे लागते. रत्नाने मान हलवली, ग्लास विसळून ठेवला आणि विळा घेऊन रानात गेली. त्या दिवशी ती जेवली नाही. मीही जेवले नाही, पण मला पित्ताचा त्रास आहे असे मी सांगितले.

कलम ७. दुसऱ्या वारसाची हरकत नसल्याची सही लागते म्हणून मी गोरखला बोलावले. तो ओट्यावर बसला.

"आये, बाईमाणसाच्या हातात बंदूक? लोक हासत्यात."

"माझ्या हातात कवापासनं हाय?"

"तुझं येगळं. तू अण्णांच्या जागी हायस."

रत्ना आत भाकरी थापत होती. ती तिथूनच म्हणाली, "मंग तू ये की रातची डुकरांच्या जागलीला. रानातल्या माळ्यावर दोघांना जागा हाय."

गोरखने मोबाईल काढला. मोबाईलला तिथे रेंज नसते, तरी तो बराच वेळ बघत होता. सही न करता गेला. जाताना दोन पायल्या तांदूळ नेला, तो रत्नाने भरून दिला.

कलम ८. सबब, शेतसंरक्षण परवान्याच्या अटी पुऱ्या व्हाव्यात एवढ्याच कारणासाठी, माझी पालीची सर्व भातखाचरं, नाचणीची उतरण, बांधावरची झाडे, ओढ्याच्या पाण्याची पाळी व रानातला माळा मी रत्नास देत आहे. शेतसंरक्षणाची बंदूक शेतामागे जाते, शेत बंदुकीमागे जात नाही. हा नियम मी केलेला नाही. बंदूकही तिलाच. मी गेल्यावर ती ताबडतोब पोलीस ठाण्यात जमा करावी, पावती घ्यावी, आणि सातबाऱ्यावर नाव लागल्यावर रत्नाने अर्ज करावा. जमीन आत्ताच का देत नाही, असे विचारले जाईल. आत्ता दिली तर माझ्याकडे शेत राहणार नाही, मग माझा परवाना जाईल, आणि तिचा येईपर्यंत डुकरांना मोकळे रान मिळेल. म्हणून मरायचे थांबले आहे.

कलम ९. गोरखला मालकांचा बंदूक घेऊन काढलेला मोठा फोटो द्यावा. भोरच्या स्टुडिओत काढलेला आहे, फेटा आहे, मिशी आहे. दिवाणखान्यात लावल्यास छाप पडेल. फोटोला परवाना लागत नाही. शिवाय मालकांचे घड्याळ आणि लोखंडी कपाट त्याला. कपाट नेताना दार काढावे लागेल, ते परत बसवून द्यावे. घर रत्नाचे, पण गोरख केव्हाही आला तर त्याला जेवल्याशिवाय जाऊ देऊ नये. तो माझा मुलगा आहे. त्याचा मला राग आहे, पण तो लहानपणी ओढ्यात पडला होता तेव्हा मी त्याच्यामागे लुगड्यासकट उडी मारली होती, आणि आजही मारीन.

कलम १०. विळे, कोयते, इरली, उखळ रत्नाला. तांब्याचा हंडा शेजारच्या गेनबाला, कारण तो तसाही त्याच्याकडेच आहे. चिमाजी गुरवाला काही नाही. साक्षीदाराला काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणूनच त्याला साक्षीदार केले.

कलम ११. परवाना मिळेलच असे नाही. नियम आणखी बदलतील, आणि तो दिवस बघायला मी नसेन. नाकारला तर बंदूक सरकारजमा करावी आणि रडू नये. फटाके, डबे, आरोळ्या आहेत.

जमीन मात्र परत फिरणार नाही. वर मी ती बंदुकीच्या अटीसाठी देते असे लिहिले, कारण गोरखला सरकारी नियम म्हटला की पटतो आणि आईचा शब्द म्हटला की वकील लागतो. खरे कारण नियमात नाही. रत्ना परत आल्यापासून गावात दर सणाला तिला कोणी ना कोणी विचारते, "कवा आलीस? कवा जाणार?" ती हसते आणि "बघू" म्हणते. पिकल्या केसांची झाली तरी "बघू" म्हणते. ती माझी लेक आहे, माझा तिच्यावर जीव आहे, आणि मी गेल्यावर तिला हे कोणी विचारलेले मला चालणार नाही. बंदूक मिळो न मिळो, ती भात लावो न लावो, उद्या सगळे रान पडीक टाकून माळ्यावर झोपून राहो, जमीन तिचीच आहे.

हे लिहिताना तिला हाक मारून विचारले, की बाई, पूर्ण नाव काय लावू, किकवीचे का बापाचे? ती पेंढ्या बांधत होती. म्हणाली, "नुसतं रत्ना लिव."

नुसते कायद्याला चालत नाही. आधार कार्डावर काय आहे ते वकिलांनी शेजारी कंसात घालावे. मी असे लिहिते: रत्ना कमळाबाई लिम्हण, धंदा शेती, राहणार पाली, कायमची.

लिहून ठेवणार:
कमळाबाई भिमाजी लिम्हण (सही)

आमच्यासमक्ष सही केली, आम्ही एकमेकांसमक्ष साक्ष घातली:
१. चिमाजी गुरव (सही)
२. साळूबाई, शेजारीण (डाव्या हाताचा अंगठा; उजव्याला विळा लागला आहे)

ठिकाण: पाली, वरची आळी
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५