बघ्याचा वाटा

८ डिसें. ७४, रविवार
ज्वारी उभी आहे! माझ्या डोक्याच्या वर! कॉलेजात चार वर्षं शेतकी शिकलो, पण अशी कणसं... आणि पिकवली कुणी? फासेपारध्यांच्या आठ घरांनी. तितर नि ससे सोडून ज्यांनी जन्मात काही धरलं नाही, त्यांनी. ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी गायरानाच्या, पडीक माळावर, सगळ्यांनी मिळून. मधे धुरा-बांध नाही, माझं-तुझं नाही. सायकल टाकून वेड्यासारखा धावलो. बेड्यातली, त्यांच्या वस्तीतली, सगळ्यांत म्हातारी झिंगीआजी ओरडली, "साहेब, पडसान! ज्वारी काई पळून नाही राह्यली."
तहसीलीचा कागद एकाच सालाचा. महिनाअखेर तहसीलदार पाहायला येणार. पीक निघालं का, लोक टिकले का? दोन्ही झालं तर पुढचं साल मिळेल. नाहीतर माळ परत गुरांना, नि ही घरं परत रस्त्यावर.

११ डिसें.
सोंगणी सुरू. पंचायत समितीच्या कचेरीत साहेबांनी विचारलं, रजा कशाला? म्हटलं, सोंगणीला. "तुमची शेती आहे?" म्हटलं, हो.
खोटं बोललो का? चौथं शील मोडलं? सायकलवर अख्खा रस्ता विचार केला. नाही मोडलं. माझीच आहे.
आजीला पहिलं शील समजावलं, जीव मारू नये वगैरे. तिनं शांतपणे ऐकलं नि विचारलं, "तुमचा बुद्ध ज्वारीच खाये काय?" हसून हसून पोट दुखलं. फास अजून पालाच्या काठीला टांगलेलेच आहेत. असू देत. घाई नाही.

१६ डिसें.
कणसं खळ्यावर पडलीत नि मळणीला बैल नाहीत. गावात चार घरं फिरलो. एकानं तोंडावर सांगितलं, "पारध्याच्या खळ्यावर गेलेला बैल वापस येते काय?" असा संताप आला! क्रोध आवरा म्हणून रोज वंदनेनंतर स्वतःलाच बजावतो. आज नाही आवरला. जे बोललो ते इथे लिहीत नाही.
उरला माझा बा. त्याची जोडी आहे. पण बाला विचारायचं म्हणजे...

१८ डिसें. मेडशी
बा जेवत होता. सगळं सांगितलं.
"माही बैलं चोरायच्या खळ्यावर?"
"बा, आपल्याले काय काय म्हनत होते लोकं? धम्म आपल्याच घरापुरता घेतला काय?"
आई म्हणाली, "गौतम, बापासंग असा बोलते काय?"
बा हात धुवून उठला. मी पिशवी उचलली, दारातून बाहेर पडलो, तेव्हा मागून आवाज आला, "कधी पायजेत?"
एसटीत उभ्यानंच आलो. बसायला जागा होती. बसवलंच नाही.

२२ डिसें., रविवार
बा आला!!
एकटाच, बैलगाडी घेऊन. पहिला तासभर बैलांचा दोर कुणाला धरू दिला नाही. मग काय वाटलं कोण जाणे, आजीचा लेक रुपल्या, त्याच्या हातात दिला. "हे पाय, डावा लाडाचा हाये. त्याले मारू नोको, नुसतं बोल त्याच्यासंग." झालं. रुपल्या दिवसभर बैलाशी बोलत राहिला, त्याच्या पारधी भाषेत. नि बैल ऐकत होता! बा मिशीत हसला, मी पाहिलं. दुपारी आजीच्या हातची भाकर खाल्ली त्यानं. वर ठेचा मागून घेतला.
आज मला कुणी अकोल्याला साहेब करतो म्हटलं असतं तरी हललो नसतो.

२४ डिसें.
उपणणी संपली. रास! पिवळी-पांढरी, कंबरेएवढी. बायका तिच्याभोवती फिरून हात लावून पाहत होत्या, खरी आहे का म्हणून.
मी म्हटलं, ज्यानं जितके दिवस काम केलं तसा वाटा. आजी म्हणाली, "नाही. शिकारीचा कायदा." म्हणजे? जो हजर, त्याला वाटा. मारणारा, हाकणारा, पोटुशीच्या पोटातलं लेकरू, कुत्रं. नुसता उभा राहून पाहणारासुद्धा. तो बघ्याचा वाटा.
मी विचारलं, "बघ्याले कायले?"
"ज्यानं खाल्लं, तो सांगत नाही. वाटा नाही घेत, तो पोलिसाले सांगते."
काय डोकं! सहकारावर आम्हाला अख्खा पेपर होता. त्यात हे एक वाक्य नव्हतं.
आणि मग पहिलंच सूप भरून तिनं बापुढे धरलं. बा खळ्याच्या कडेला बैल सोडत उभा. एकदम मागे सरला.
"नाही. मी खळ्यावर कुनाचं घेत नाही."
मला माहीत होतं. त्यांना कसं असणार? आजा नि बा जन्मभर गावाच्या खळ्यांवर असेच कडेला उभे राहत. रास उचलली की खालचं मातेरं मिळायचं. छप्पन साली धम्म घेतला, त्या दिवसापासून बानं कुणाच्या खळ्यावर हात पसरला नाही.
आजीनं सूप खाली ठेवलं. "तो नाही घेत, तं कोनीच नाही." बा बैल जुंपून निघून गेला. रास तशीच.

२६ डिसें.
ढग आलेत. ज्वारी उघड्यावर. दोन घरांनी पालं गुंडाळायला घेतली, तितराचे दिवस चाललेत म्हणे. तहसीलदार ३० ला येणार! आजीवर ओरडलो, "माझा बाप चुगली करणारा नाही!"
"मले माहीत हाये, साहेब. कायद्याले कुठं माहीत हाये?"

२७ डिसें. मेडशी
बाला सगळं समजावलं.
"म्हंजे मी नाही घेतलं, तं त्यायची लेकरं उपाशी?"
"हो."
मग म्हणाला, "देनारे चांगले हायेत रे. पन कडेले उभा राह्यलो का ह्या पायायले जुनं आठवते. पायायले काय सांगू?"
मोठ्या तोंडानं धम्म शिकवायला गेलो होतो मी त्याला. एसटी स्टँडवर रडलो, चारचौघांत.

२९ डिसें., रविवार
सकाळीच बा आला. पायी, बैलाविना. राम राम नाही की जयभीम नाही, एकदम,
"माहा वाटा कुठं हाये?"
आजी सूप घेऊन धावली.
"थांब बाई. आजवर उभ्यानंच घेतलं. आता बसायले दे."
आजीनं तिची गोधडी आणून टाकली. कडेला नाही, राशीला लागून. बा मांडी घालून बसला. आजी म्हणाली, "मंग सारेच बसा." आठही घरं बसली, बायालेकरांसकट. पोटुशीला टेकायला पोतं दिलं. मीही बसलो. शिकार अशी बसून कधी वाटली नव्हती म्हणे! सूप फिरलं. बाच्या उपरण्यात ज्वारी पडली तो आवाज... मी हसत होतो की रडत होतो, देव जाणे. (देव नाही. पण दुसरं काय लिहू?)
पालं पुन्हा उभी राहिली, दोन्ही.

३० डिसें.
तहसीलदार आले. "माल कुठाय?" वाटला. "कुणाला?" जो हजर होता, त्याला. त्यांच्या कागदात त्याचा रकानाच नाही. मी अर्धा तास बोललो, बहुतेक फार बोललो. "बघू," म्हणाले.
जीपमध्ये बसणार, तेवढ्यात आजी आपल्या वाट्यातलं सूप घेऊन आडवी. "साहेब, तुमी बी पाह्यलं."
साहेब घुटमळले. मग मूठभर घेऊन रुमालात बांधली. "नमुना म्हणून नेतो."
साहेबांनी वाटा घेतला! जीप गेल्यावर आनंदानं मी आजीचे हातच धरले. तिनं विचारलं, "नमुना म्हंजे काय?"
सांगितलं, थोडंसं नेतात, कचेरीत ठेवतात, दाखवायला.
"खात नाहीत?"
"नाही."
आजी जीप गेली त्या वाटेकडे पाहत राहिली. मीही.