अंड्यातल्या पिल्लाचा श्वास

मार्था,

तुला उठवलं नाही. राहात्याच्या बाजाराला चाललो आहे. उबवायला घालण्याजोगी अंडी मिळाली तर घेऊन येतो. भाकरी बांधून घेतली आहे.

काल दीनानं खुडूक कोंबडीखालची अंडी फोडली, ती माझ्यामुळे. "बाबा, अंड्यात पिल्लू श्वास कसा घेतं?" असं तिनं विचारलं, तेव्हा मी लढाईच्या बातम्या वाचत होतो. मान वर न करताच म्हणालो, "तूच बघ आणि मला सांग." वर्गात मुलांनाही मी हेच सांगतो.

तिला मारताना तू विचारत होतीस, "कुणी शिकवलं तुला हे?" तिनं माझ्याकडे पाहिलं, पण माझं नाव घेतलं नाही. मी तिथंच उभा होतो. तुझ्या रागाला भ्यालो आणि मार तिला खाऊ दिला.

ती उठली की ही चिठ्ठी तिला वाचून दाखव. मला काय बोलायचं ते आल्यावर बोल.

झोपवताना मी तिला हळूच विचारलं होतं, "दीना, काय दिसलं गं अंड्यात?"

"काही नाही," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

शांतवन