रेघेखाली दोन बोटं

३ मार्च
डॉक्टरीणबाईंनी आज हिच्या पोटावर, बेंबीपाशी, पेनने आडवी रेघ मारली. जिन्यावरून पडल्यापासून त्याखाली हिला काही कळत नाही. म्हणाल्या, मणक्यांमधून नसांच्या जोड्या निघतात. प्रत्येकीचा कातडीचा पट्टा ठरलेला, हलवायचे स्नायूही ठरलेले. मार बसलाय त्याखालचं सगळं बंद. म्हणजे खोलीगणिक सर्किट! मग एवढं तोंड पाडायचं कशाला? माझा उभा जन्म वायरिंगमध्ये गेला. लूज कनेक्शन असणार. मे महिन्यात हिला जिना चढवतो.

५ मार्च
तेलाची मालिश, मग टाचणीची टेस्ट. हिने डोळे मिटायचे, टोचलं की हो म्हणायचं. रेघेखाली एकदाही हो नाही. पहिलाच दिवस आहे. वर हीच म्हणते, अहो, भिताय काय, टोचा की जोरात. टाचणी दोनदा निसटली ती तेलामुळे.

९ मार्च, सकाळ
तळव्याला गार फडकं लागलं आणि पाय झटकन वर! मी ओरडलो. ही विचारते, काय झालं? हिला पत्ताच नाही. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, निरोप कण्यापर्यंत जाऊन तिथूनच परत फिरतो, डोक्यापर्यंत पोचत नाही. आशा लावून घेऊ नका. पुस्तकी बाई. करंट आहे म्हणजे आहे.

१४ मार्च
मालिश बुडाली. कंबर धरली. माझी.

१८ मार्च
हो म्हणाली! रेघेखाली दोन बोटं! नवी रेघ मीच मारली. हिला म्हटलं, बघ तरी. ही माझ्याच तोंडाकडे बघत राहिली.

२२ मार्च
मांडीपर्यंत आलो. मेव्हणीला फोनवर सांगितलं. ती रडायलाच लागली. आनंदाने असणार. जिन्याच्या कठड्याचं माप घेतलं.

२६ मार्च
डॉक्टरीणबाईंनी माझ्या रेघा स्पिरिटने पुसल्या आणि आपली होती तिथेच पुन्हा मारली. त्यांच्या टाचणीला हिने हो म्हटलंच नाही. घरी विचारलं तर म्हणते, अहो, त्यांची टाचणी बोथट होती. मला तोच संशय होता.

२८ मार्च
टेस्ट. हिने डोळे मिटले. टाचणी हातातून निसटून पलंगाखाली गेली. शोधायला वाकलो, तर वरून हिचा आवाज, हो, लागलं हो. आज छान लागलं.
तसाच खाली बसून राहिलो. फार रडू आलं. तोंडात पंचा कोंबला.
हिने विचारलं, कुठवर आली हो रेघ?
म्हटलं, गुडघ्याखाली गेली. शाब्बास.