फुटाला अर्धा इंच

२ सप्टेंबर १९९७, मंगळवार. सकाळी ७.१०

लोर्ना काल बहिणीकडे राहायला गेली. कारण: किचनच्या खिडकीची काच. काचेचं कारण: टेबलाला लावायची, तुकडा घट्ट पकडणारी लोखंडी व्हाइस, वजन दहा पौंड. लोर्ना म्हणते, मी फेकली. साफ चूक. मी ती उचलली आणि सोडून दिली. सोडताना हात जरा वेगात होता, एवढंच. ती सिंकपाशी उभी होती हे खरं, पण व्हाइस बरीच लांबून गेली. मुळात ती खिडकीच चुकीच्या जागी आहे.

मी स्वभावाने शांत माणूस आहे. मन्सी गावात कुणालाही विचारा. मर्ल ग्रीनवॉल्टला सोडून.

सकाळी फोन आला. म्हणाली, "अठरा ऑक्टोबरला कोकोमोला तुझी मॉडेलांची स्पर्धा आहे ना? तोवर घरात काही फोडू नकोस. मी तिथे येते. जिंकल्यावर काय, कुणीही हसतं. तू हरल्यावर काय करतोस ते मला बघायचंय, डेल. मग ठरवते, परत यायचं की नाही."

म्हणजे प्रश्नच मिटला. मी हरणार नाही.

संकल्प: राग बंद. आजपासून.

४ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी

गाडी जबरदस्त होणार. पाव मैल सरळ जीव खाऊन पळणारी लांबलचक ड्रॅगस्टर, खऱ्याच्या पंचविसाव्या हिश्शाची. चौकट आणि इंजिनाचा ब्लॉक उन्हाळ्यातच झाले. आता वरचं सगळं: ब्लोअर, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावर बसून हवा कोंबणारा ठोकळा, ठिणगी पुरवणारा मॅग्नेटो, आठ एक्झॉस्ट पाइप. सगळं धातूचं, सगळं माझ्या हाताने. मर्लसारखं डब्यातलं प्लास्टिक उचलून रुपेरी रंग फासणं आपल्याकडे नाही.

ड्रिल नंबर ८०. शिवणाच्या सुईहून बारीक. अकरा मोडली. बाराव्याच्या वेळी श्वास रोखला. तेही मोडलं. लेथला एक बुक्की मारली. लेथ बिडाचा आहे. मनगट सुजलं.

याला राग म्हणत नाहीत. ही लेथची तपासणी होती.

८ सप्टेंबर, सोमवार

कॅल्क्युलेटर खोटारडा निघाला. खऱ्या ब्लोअरचं प्रत्येक माप घ्यायचं, पंचविसाने भागायचं. तीनदा भागलं, तीन उत्तरं. माझं बोट जाड आहे, एका वेळी दोन बटणं दाबली जातात, पण ही बटणं बनवणाऱ्याची चूक. त्याला नीट समजावलं. मग अंगणात नेऊन हातोडीने समजावलं. आता तो सपाट आहे.

अट नीट वाचली पाहिजे. "घरात" काही फोडू नकोस, असं ती म्हणाली. अंगण म्हणजे घर नव्हे.

आणि कॅल्क्युलेटर लागतोच कशाला? चोवीस धरलं की हिशोब तोंडी होतो. फुटाला अर्धा इंच. संपलं. चोवीस काय आणि पंचवीस काय, मध्ये फक्त एक आहे. एकाने कुणाचं घोडं मारलंय?

१३ सप्टेंबर, शनिवार. सकाळी ११

मॅग्नेटो झाला. वाटाण्याहून लहान, त्यातून आठ तारा निघतात. इतका सुंदर की चिमट्याने उचलून उजेडात धरला. चिमट्यातून उडाला. गालिच्यात गेला.

तासभर गुडघ्यांवर. नाही सापडला. मग व्हॅक्यूम क्लीनर फिरवला. त्याने गिळला. पिशवी उघडली तर धूळ आणि कुणाचे तरी केस. आठवलं: लोर्ना नळीच्या तोंडाला जुना नायलॉनचा मोजा लावायची, म्हणजे हरवलेला बोल्ट मोज्यावर अडकायचा. हे तिने जाण्याआधी सांगायला नको होतं का?

व्हॅक्यूम क्लीनर अंगणात. बेसबॉलची बॅट. पहिल्या फटक्यात झाकण, दुसऱ्यात मोटर, तिसऱ्यात चाक निसटून शेजाऱ्याच्या टोमॅटोंत गेलं. चौथ्याची गरज नव्हती. चौथा, पाचवा आणि सहावा मारले. शेजारीण पडद्याआडून बघत होती. मी हात केला. तिने पडदा ओढला. लोक हल्ली माणूसघाणे झालेत.

घरात काही फुटलेलं नाही. बारा दिवस. कौतुक करायला कुणी नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

एक्झॉस्ट पाइप. पितळी नळी लाल होईपर्यंत तापवायची, आत तार घालायची, मग हळूच वाकवायची. घाई केली की चपटते. सहा सुरेख झाले. सातवा चपटला. पुन्हा केला. पुन्हा चपटला. किचनची खुर्ची अंगणात नेली. ओकची होती. मजबूत. वीस मिनिटं लागली.

दुपारी लोर्नाचा फोन. "काही फोडलंस?"

"घरात नाही."

"आणि बाहेर?"

मी म्हणालो, लाइन खराब आहे, ऐकू येत नाही. तिने त्याच आवाजात विचारलं, "डेल, बाहेर काय काय फोडलंस?" मी फोन ठेवला. मग फोन अंगणात न्यायला निघालो, पण तार पुरेना. उंबऱ्यावरच आपटावा लागला. उंबरा घरात धरायचा की बाहेर, हा वादाचा मुद्दा आहे.

२८ सप्टेंबर, रविवार. सकाळी ६.३०

ब्लोअर झाला.

काय लिहू? पाठीवर अकरा पन्हळी, प्रत्येक केसासारखी सरळ. दोन्ही टोकांना पितळी बोल्ट, षटकोनी डोक्यांचे, एकेक कानशीने घासलेला. पुढे दातेरी पुली. वर हवेची तीन तोंडं, त्यांतल्या पाकळ्या खरंच उघडमीट करतात. तळहातावर ठेवून खिडकीपाशी उभा राहिलो. खिडकीला अजून पुठ्ठाच आहे. उजेड कमी होता, तरी डोळे भरून आले.

असं काही झालं की मी हाक मारायचो, लोर्ना हात पुसत यायची, चष्मा नाकावर खाली ओढायची आणि म्हणायची, "हे तू केलंस? या हातांनी?" आज हाक मारली. सवयीने. मग बीन्सचा डबा उघडला आणि उभ्यानेच खाल्ला.

तिची आठवण येते. लिहून टाकतो, कोण वाचतंय.

५ ऑक्टोबर, रविवार

आमच्या मॉडेलवाल्यांच्या मंडळाची बैठक, मर्लच्या गॅरेजात. नऊ जण. बेत असा की सगळ्यांसमोर ब्लोअर इंजिनावर बसवायचा आणि मर्लचा चेहरा बघायचा.

ठेवला. डुलला. दाबला. दहा बोल्टांपैकी एक भोकात गेला, नऊ भलतीकडे. पुलीचा पट्टा खालच्या पुलीला पोचेना. मी म्हणालो, हवा दमट आहे, धातू फुगलाय. मर्लने खिशातून मापं घ्यायचा कॅलिपर काढला, वर लावला, खाली लावला, आणि म्हणाला, "डेल, बाबा, खाली पंचवीस आहे आणि वर चोवीस. मोठ्या भावाची टोपी घातलीस रे इंजिनाला."

नऊ जण हसले. मर्लसुद्धा हसला, पण कॅलिपर खाली ठेवून म्हणाला, "काम मात्र देवाचं आहे. असा ब्लोअर मी जन्मात करणार नाही." हे वाक्य मी नीट ऐकलं नाही, कारण तोवर माझी मूठ निघाली होती.

त्याच्या तोंडावर बसली. काहीतरी कट्ट वाजलं. तो मागे टेबलावर, टेबल त्याच्यावर, टेबलावरची सगळी मॉडेलं दोघांवर. मर्लची बासष्ट वर्षं बघता त्याने फार लवकर उठायला नको होतं. उठला, आणि पेपरवेट म्हणून ठेवलेला खऱ्या इंजिनाचा पिस्टन माझ्या कानाखाली मारला. मी त्याला शर्टाला धरून फ्रीजवर आपटलं. फ्रीजवरचं कॉफीचं मशीन आमच्यावर आलं. त्याने माझा अंगठा चावला. मी पुन्हा बुक्की उगारली, ती फ्रीजच्या दाराला लागली. पाच जणांनी मला धरलं, तिघांनी त्याला. एक जण मॉडेलं वेचत होता.

मर्ल रक्त थुंकला आणि म्हणाला, "लेथपाशी बसलास की तू देवमाणूस असतोस रे. उठलास की जनावर."

त्याचा पुढचा एक दात गेला. माझी दोन बोटं मोडली. उजव्या हाताची. बघितलं तर नुकसान माझंच जास्त.

६ ऑक्टोबर, सोमवार

बोटांना पट्टी, सहा आठवडे. डॉक्टरने विचारलं, कसं झालं? मी सांगितलं, फ्रीज.

लोर्नाला कळलंच. मर्लची बायको आणि लोर्नाची बहीण एकाच चर्चमध्ये गातात. शेजारणीच्या फोनवर निरोप आला. शेजारीण पडद्याआडूनच बोलली: "लोर्ना म्हणते, अठराला ती येणार. बोलल्याप्रमाणे. पण ही शेवटची वेळ." मग स्वतःचं जोडलं, "आणि ते चाक तुमचं आहे का?"

मनात राग नाही. विचार स्वच्छ आहेत. वरचं सगळं चार टक्के मोठं आहे. चार टक्के म्हणजे किती? नखाएवढंही नाही. ठोकून कमी करता येईल.

७ ऑक्टोबर, मंगळवार

ठोकून कमी करता येत नाही.

पहिला ठोका डाव्या हाताने हळू मारला. पन्हळ चेपली. ती सरळ करायला दुसरा. मग मला नीट आठवत नाही. टेबलावर पितळेचा चपटा तुकडा आहे. तीन आठवड्यांचं काम. हातोडीचा दांडा मोडलाय. तुकड्यावर मोडला की भिंतीवर, ते भिंत बघून कळतंय.

घरातच झालं. अंगण आठवलंच नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

तोडगा निघाला! इतका सोपा की हसू आलं. खऱ्या शर्यतीत ब्लोअर फुटतात. धडाम, आणि ठोकळा तीस फूट वर. मग आपली गाडी स्फोटानंतरची! चिंध्या झालेला ब्लोअर, तुटलेला पट्टा, जळालेला ब्लॉक, रस्त्यावर तेल. फुटलेल्या ब्लोअरचं माप कोण घेणार? पंचवीस की चोवीस, विचारायची सोयच नाही.

फोडण्याच्या विषयात इंडियानात माझ्याइतका अभ्यास कुणाचा नाही. पहिलं बक्षीस ठरलेलं.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

डाव्या हाताने काळा रंग दिला. तेल म्हणून वार्निश ओतलं, ते जास्त सांडलं आणि मागची चाकं बुडाली. वास्तववाद.

उद्या निळा शर्ट. उद्या जिंकलो तर प्रश्नच नाही. हरलो तर हात खिशात. आरशासमोर सराव केला. हसू बरं जमतं, दात न दाखवलेलं जास्त बरं.

१८ ऑक्टोबर, शनिवार. संध्याकाळी ६

कोकोमो. जत्रेच्या मैदानावरचा हॉल. एकशे दहा मॉडेलं.

परीक्षक, पांढऱ्या मिशांचा म्हातारा, माझ्या टेबलापाशी वाकला. बराच वेळ. म्हणाला, "हे पाइप तुम्ही केले? आणि हे बोल्ट?" मी हो म्हणालो. "असं काम मी पाहिलेलं नाही," तो म्हणाला. मग ब्लोअरकडे बघितलं. "पण हे कुणी केलं?" मी म्हणालो, स्फोट आहे. तो म्हणाला, "स्फोट आतून बाहेर येतो हो. हे तर वरून कुणीतरी ठोकलंय." आणि पुढे गेला.

काही मिळालं नाही. तिसरं नाही, उत्तेजनार्थ नाही. उत्तम धातुकामाचं बक्षीस मर्लला; या खेपेला त्यानेही प्लास्टिक सोडून धातू घेतला होता. पुढचा दात नसलेला मर्ल फोटोसाठी हसला. कानशिलं तापली. हात खिशात घातले. मर्ल माझ्याकडे आला. सगळा हॉल बघत होता. त्याने हात पुढे केला. मी डावा हात काढला आणि दिला. म्हणालो, अभिनंदन. आवाज कापला नाही. मर्लने हात धरून ठेवला आणि म्हणाला, "डेल, हे तुझं होतं रे."

वळलो तर लोर्ना. कॉफीचा कप घेऊन दारापाशी. तिने सगळं बघितलं होतं. चालत आली, आणि हसली. सात आठवड्यांत पहिल्यांदा. "बघितलं मी," म्हणाली. "छान वागलास. खरंच." डोळ्यांत पाणी होतं. तिच्याही, माझ्याही.

तिच्या कोटाच्या कॉलरवर पांढरा धागा होता. तो काढायला मी हात वर केला.

ती खाली बसली. एकदम, डोक्यावर दोन्ही हात घेऊन. कप फुटला. कॉफी तिच्या बुटांवर. हॉल असा गप्प झाला की कपाचा तुकडा गोल फिरत थांबला तेही ऐकू आलं. मर्लने मला धरायला दोन पावलं टाकली, आणि मग थांबला, कारण धरण्यासारखं काहीच नव्हतं.

मी म्हणालो, "धागा होता गं. धागा काढत होतो."

ती उठली. कोट झटकला. माझ्याकडे रागाने बघितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणाली, "माहीत आहे मला, डेल. मला दिसला होता धागा. तू मला कधी मारलं नाहीस, तेही माहीत आहे. पण मान आपोआप खाली जाते. आता तिला मी काय समजावू?"

बहिणीने गाडी दारात आणली. लोर्ना बसली. मी दार लावून द्यायला पुढे झालो, मग नाही गेलो, तिनेच लावलं.

घरी पोचलो. मॉडेल टेबलावर ठेवलं. आज काही फोडलं नाही.