कुंपण तेवढं स्वच्छ

दि. ३ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

जुन्या कॅमेऱ्याच्या लेन्सला आतून बुरशी आहे, तरी तू ती हौसेने विकत आणलीस, हे वाचून धन्य झाले. माझ्या पावाला बुरशी आली तर मी तो दुकानदाराला परत नेऊन देते. असो, देवाने एकेकाला एकेक बुद्धी दिली आहे.

आता कामाचं. तुझा भाचा शर्यतीच्या गाड्या चालवायला लागल्यापासून ह्यांनी त्याचं नाव टाकलं आहे. पोरगा गॅरेजच्या माळ्यावर राहतो आणि वडील बोलावत नाहीत तोवर उंबरा चढणार नाही म्हणतो. दोघांचं नाक एकाच कारखान्यातलं. रविवारच्या शर्यतीत त्याचा एक धड फोटो काढ. तो ह्यांच्यापुढे ठेवीन, पाहून तरी विरघळतील. साधा नवा कॅमेरा नेलास तर देव तुझं भलं करील.

तुझी ताई


दि. ११ नोव्हेंबर

ती. सौ. ताईस,
शि. सा. नमस्कार.

देवाने भलं केलं नाही, कारण कॅमेरा जुनाच नेला. त्यावर भरधाव गाडीमागे फोकस फिरवत बसता येत नाही. वळणावरची एक जागा आधीच नेमायची आणि गाडी तिथे आली की बटण दाबायचं. मी बाहेरची कड नेमली. तुझ्या दिवट्या चिरंजीवाने दर फेरीला गाडी आतून काढली. अख्ख्या रोलमध्ये तो म्हणजे नुसता लाल फराटा, आणि मागचं तारेचं कुंपण मात्र अगदी स्वच्छ.

हस पोटभर, पण सोबतचा फोटो फेकू नकोस. कुंपणाला नाक लावून, मूठ चावत उभे असलेले गृहस्थ नीट बघ. दाजी रविवारी कुठे जातो म्हणून सांगून निघाले होते, ते कळव.

लोभ असू दे, टोमणे पुरे.
तुझा धाकटा


दि. १७ नोव्हेंबर

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, वि. वि.

गुडघा शेकून घ्यायला जातो म्हणून निघाले होते. जेवताना फोटो ह्यांच्या ताटाशेजारी ठेवला. ह्यांनी स्वतःला पाहिलं, कान लाल झाले, आणि सगळा राग तुझ्यावर निघाला. मला म्हणाले, तुझ्या भावाला एवढं साधं कसं कळत नाही, पोरगा त्या वळणावर नेहमी आतूनच काढतो. मी पाणी वाढता वाढता विचारलं, की नेहमी म्हणजे किती वेळा. ह्यांनी पानातला भात घाईघाईने संपवला. हात धुतल्यावर म्हणाले, की त्याला घरी बोलाव, ब्रेक फार उशिरा लावतो, समोर बसवून सांगायला हवं.

तेव्हा वडील बोलावतात, एवढाच निरोप भाच्याला दे. ब्रेकचं आधी बोलू नकोस, नाहीतर पुन्हा माळ्यावर जाऊन बसेल.

माझा लोभ आहे, त्याची परीक्षा घेऊ नकोस.
तुझी ताई